साचेखातं अजून बंद आहे



आपल्यातले काही शिकलेले भाऊ हल्ली सांगत फिरतात की इंटरनेटला जात नसते. गावात पाणवठा वेगळा होता, मसणवटा वेगळा होता, पण मोबाईलवर सगळे सारखे. काचेवर बोट कुणाचं पडलं ते काचेला कळत नाही. भाषण म्हणून हे बरं आहे. टाळ्या पडतात. मी एवढंच विचारतो, तुमच्या हातातला सिग्नल टॉवरपर्यंत कसा येतो? आभाळातून येतो तो शेवटचा तुकडा. बाकीची बहुतेक वाट जमिनीखालून असते, केसाएवढ्या काचेच्या धाग्यातून. नि जमिनीखाली आपोआप काही जात नाही. कुणाला तरी उतरावं लागतं.

कोण उतरतं ते बघायला लांब जायला नको. दर वर्षी २० मार्चला तुमच्या गाड्या मुंबईहून महाडला जातात त्या पेण-वडखळवरूनच. चवदार तळ्यावरून तुम्ही लाईव्ह करता, तेही ह्याच रस्त्याकडेच्या मातीतून धावतं. ह्या वेळी वडखळला उतरा. अलिबागच्या रस्त्याला लागा. धरमतरच्या पुलाच्या अलीकडे नि पलीकडे बघत चाला. पाऊस सरला की कडेला ताडपत्र्या लागतात, तीन दगडांच्या चुली पेटतात. पालमूरची माणसं, म्हंजे तेलंगणातल्या महबूबनगरकडची. कलबुर्गी-विजापूरची. आपल्या मराठवाड्यातली. नि इथले कातकरी. जात विचारू नका, आडनावं ऐका. वडार, मादिगा, मातंग, कातकरी, नि आपले बौद्ध. बामणाचं पोर मी ह्या खड्ड्यात बघितलं नाही. मराठ्याचं बघितलं, कर्जात बुडालेलं, दोनचारदा. पुढच्या हंगामात ते मुकादम झालेलं होतं.

मी हे वाचून सांगत नाही. मी मिलमध्ये कामाला आहे. मिल म्हटलं की तुम्हाला लालबाग-परळ आठवतं. त्या गिरण्या १९८२ च्या संपानंतर एकेक करून गेल्या. माझी मिल लोखंडाच्या सळया ओढते. पण मिलमध्ये लागण्याआधी दोन हंगाम मी केबलच्या टोळीत काढले. तेव्हा जे पाहिलं त्यावर बोलतोय.

आधी चर. दूरसंचार खात्याच्या कामात फायबरचा चर १६५ सेंटिमीटर खोल असावा असा दंडक चालत आलेला. मध्यम उंचीचा माणूस आत उभा राहिला की रस्त्यावरून फक्त टकुरं दिसतं. आता दुसरं सरकारी पुस्तक घ्या, भारतीय मानक ३७६४, खोदकामातल्या सुरक्षेचं. ते सांगतं, मातीतला चर दीड मीटरपेक्षा खोल गेला तर बाजूंना फळ्यांचा नि खांबांचा आधार द्या, उकरलेली माती काठापासून लांब ठेवा. दीड मीटर म्हंजे १५० सेंटिमीटर. आपला चर १६५. सरकारच्याच दोन पुस्तकांत पंधरा सेंटिमीटरचं अंतर, नि त्या पंधरा सेंटिमीटरमध्ये आमची माणसं. दोन हंगामांत आधाराची एक फळी मी पाहिली नाही. फळी पाहिली ती चहाच्या टपरीवर. नि माती काठावरच टाकायची, कारण लांब टाकायला माणूस जास्त लागतो.

त्यात ही धरमतरची जमीन. अंबेच्या खाडीचं खाजण. वर सुकी ढेकळं दिसतात, दोन हात खाली गेलं की काळा खारा चिखल. भरती आली की पाणी चरात बाजूनं पाझरतं, उधाणाला तर बघूच नका. कड आधी घाम येऊ लागल्यासारखी ओली होते, मग बसते. जुनी बाई असेल टोळीत तर ती आधी ओरडते, "वर या, वर या." तिला हे कुणी शिकवलं नाही. तिच्या अनुभवाला कुठल्या कागदावर नाव नाही, नि तिचा रोज नवऱ्याच्या मीटरात धरलेला, म्हणून तिचा रोजही नाही. माती ओढणाऱ्या बायकांचा हिशोब अख्ख्या केबलच्या धंद्यात जोडीच्या नावावर चालतो. जोडी म्हंजे नवरा-बायको. पैसे मोजून घेणारा एकटा नवरा.

मजुरी मीटरवर. ठेकेदाराच्या मेजरमेंट बुकात मऊ मातीचा दर वेगळा, मुरमाचा वेगळा, कातळाचा वेगळा. आमच्या टोळीला एकच दर. कातळ लागला तर ते आमचं नशीब नि त्याचा नफा. वर उचल. पावसाळ्यात मुकादमानं दिलेली उचल फिटेपर्यंत हंगाम संपतो. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा. तो ह्या चरात अजून उतरलेला नाही. आता जमीन न उकरता आडवं भोक पाडत जाणारं मशीन आलंय, त्याचे फोटो सगळे काढतात. त्या मशीनला दोन्ही टोकांना खड्डा लागतो. तो खड्डा कोण खणतं, त्याचा फोटो नसतो.

पण माझी खरी तक्रार खड्ड्याची नाही. खड्ड्यावर रडणारे पुष्कळ आहेत. माझी तक्रार तंबूची आहे.

चरात चाळीस मिलिमीटरचा प्लास्टिकचा पाईप पडतो. मग कॉम्प्रेसर लावून हवेच्या जोरावर केबल पाईपातून पुढे ढकलतात. एक ड्रम संपला की जोड येतो. त्या जोडावर एक छोटा तंबू लागतो, वारा-धूळ आत येऊ नये म्हणून. आत टेबल, बॅटरी, नि एक मशीन. काचेचा धागा ०.१२५ मिलिमीटर जाडीचा. वरचं आवरण सोलायचं, स्पिरिटनं पुसायचं, कटरनं सरळ छाटायचं, दोन टोकं मशीनमध्ये समोरासमोर ठेवायची. ठिणगी पडते, काच काचेत विरघळते, धागा एक होतो. मग त्यावर नळी चढवून तापवायची. असे चोवीस धागे, अठ्ठेचाळीस धागे. शोधायचे रंगावरून. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, करडा, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी. पहिला रंग निळा. ही काही आपली मागणी नव्हती, क्रमच तसा ठरलेला आहे. मला मात्र गंमत वाटली होती.

हे काम करणाऱ्याला टेक्निशियन म्हणतात. चरातल्याला लेबर. मधे कापडाची एक भिंत.

मी त्या तंबूत होतो. बॅटरी उचलायला, छाटलेल्या काचेचे तुकडे डबीत गोळा करायला. ते तुकडे बोटात शिरले की दिसत नाहीत, नुसते खुपतात. दुसऱ्या महिन्यात मला रंगांचा क्रम पाठ होता. चौथ्या महिन्यात छाट तिरकी पडली की मशीनच्या पडद्याआधी मला कळायचं. मी म्हटलं, "साहेब, एक जोड मी मारू का?" तो म्हणाला, "हात बघ तुझे. मातीचे हात. धूळ लागली की जॉइंट गेला." हात धुऊन आलो. मग म्हणाला, "सर्टिफिकेट हाय का?"

आता तुमच्यापैकी जे गिरणगावच्या घरातले आहेत त्यांनी आपल्या आजोबांना आठवा. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगार होते, पण साचेखात्यात नव्हते. विणकाम, जिथं पगार बरा, ते खातं बंद. का? धोट्यातली कांडी संपली की नवीन धागा तोंडानं ओढून घ्यायचा असतो. आपल्या तोंडाची लाळ धाग्याला लागली तर सवर्ण विणकर बाटणार. १९२८-२९ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना हेच विचारलं होतं, की कामगारांची एकजूट म्हणता तर साचेखात्याचं दार उघडणं तुमच्या मागण्यांत का नाही? नि फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला, रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत, त्यांनी नुसतं ब्राह्मणशाही नि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले नाहीत. ते वाक्य तुम्हाला पाठ आहे, पोस्टरवर असतं. त्याच भाषणात त्यांनी कामांची नावं घेतली होती, ती पोस्टरवर नसतात. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो नि गँगमन म्हणून मरतो. त्याला पोर्टर करत नाहीत, कारण पोर्टर स्टेशनमास्तरच्या घरात राबतो, तिथं विटाळ होतो. वर्कशॉपात तो मिस्त्री होत नाही, फोरमन तर नाहीच.

तेव्हा धाग्याला लाळ लागत होती. आता धाग्याला धूळ लागते. मशीनला धूळ चालत नाही हे खरं आहे, मी नाकारत नाही. पण धूळ धुता येते. सर्टिफिकेट मिळवता येतं. तरी खड्ड्यातला माणूस तंबूत जात नाही, हे दोन हंगाम पाहिल्यावर मला धुळीचं कारण पटेना. काचेचा असला म्हणून काय झालं, धागा तो धागाच. खातं तेच.

इथं माझे डावे मित्र म्हणतील, कामगार तेवढा एक, तू फूट पाडतोस. फूट मी पाडली नाही, ती तंबूच्या कापडाची आहे. नि आपल्यातले काही म्हणतील, बाबासाहेबांनी गाव सोडा, घाण कामं सोडा सांगितलं, तू पुन्हा मातीत घालतोस. सोडा म्हणणं सोपं आहे. १९२८ ला बाबासाहेबांनी महार वतनाचं बिल आणलं तेव्हा येसकरकी, तराळकी नको म्हणताना काम केलं तर दाम मिळाला पाहिजे हेही मागितलं होतं. मी मातीत जा म्हणत नाही. मी मातीत आधीच असलेल्यांना तंबूत न्या म्हणतोय. आपली चळवळ कॉलेजच्या राखीव जागेवर लढते, बँकेच्या जागेवर लढते, ते बरोबरच आहे. पण ठेकेदाराच्या तंबूत राखीव जागा नसते, म्हणून तिथं आपला मोर्चाच जात नाही.

पूर्वी असं नव्हतं. पोस्ट-टेलिग्राफ खात्यात रोजंदारीवर हजारो मजूर होते, खांब उभे करणारे, केबल पुरणारे. ते संघटित होते, कोर्टात गेले. ऑक्टोबर १९८७ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, ह्यांना नियमित कामगाराच्या किमान वेतनाइतकं द्या, नि वर्षाहून जास्त सलग काम केलेल्यांना सामावून घ्यायची योजना करा. १९८९ ची योजना त्यातून आली. कित्येक मजूर त्यातून कायम झाले, त्यांची पोरं शिकली. मग २००० ला खात्याचं बीएसएनएल झालं. ३१ जानेवारी २०२० ला एका दिवसात ७८ हजारांहून जास्त माणसं स्वेच्छानिवृत्तीनं घरी गेली. खाली काम राहिलंच, फक्त हजेरीपट राहिला नाही. आता कंपनी, तिचा ठेकेदार, त्याचा पोटठेकेदार, मग मुकादम, मग जोडी. कोर्टात जायचं तर दावा कुणावर लावणार? मालक शोधायलाच तीन माणसं ओलांडावी लागतात.

केबलची काळजी मात्र चोख आहे. मुंबई-गोवा रस्त्याच्या चौपदरीकरणाचं काम २०११ ला सुरू झालं, तेव्हापासून जेसीबीच्या दातांनी किती जोड तुटले असतील देव जाणे (देव नाही, ठेकेदार जाणे). देशभर हेच. म्हणून २२ मार्च २०२३ ला दिल्लीत पंतप्रधानांनी एक ॲप सुरू केलं, 'कॉल बिफोर यू डिग'. खणण्याआधी कळवा, खाली कुणाची केबल आहे ते सांगतील. चांगलं आहे. खाली कुणाची वीजवाहिनी आहे ते कळलं तर कुदळवाला वाचेल सुद्धा. पण ॲप ठेकेदाराच्या मोबाईलमध्ये, नि कुदळ दुसऱ्याच्या हातात.

शहरातल्या टेलिफोनच्या मॅनहोलची गत आणखी वाईट, शेजारच्या गटाराचा वायू त्यात साठतो. गटारात मेलेल्याच्या घरच्यांना ३० लाख द्या, असं सुप्रीम कोर्टानं २० ऑक्टोबर २०२३ ला सांगितलं. टेलिफोनच्या होलात मेला तर त्याचं झाकण वेगळं, म्हणून तो त्या हिशोबात येत नाही.

आता काय करायचं. घोषणा नकोत, दोन कागद पुरेत.

पहिला. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात बांधकामाच्या व्याख्येत टेलिफोन, टेलिग्राफ हे शब्द छापलेले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या संहिता लागू झाल्या, त्यातही हे काम बांधकामातच धरलंय. म्हंजे चर खणणारा बांधकाम कामगार आहे. अठरा ते साठ वय, वर्षात ९० दिवसांचं काम, की कल्याणकारी मंडळात नोंद होते. पोरांची शिष्यवृत्ती, बाळंतपण, मृत्यूची मदत, सगळं त्या नोंदीवर. आमच्या टोळीत एकाचीही नोंद नव्हती, कारण ९० दिवसांचा दाखला ठेकेदार देत नाही नि ग्रामसेवक म्हणतो, "तुम्ही आमच्या गावचे नाही." ग्रामसेवकाच्या टेबलासमोर आपली चार शिकलेली पोरं उभी राहिली तर तो असं म्हणेल का? बाईची नोंद बाईच्या नावानं करा, जोडीच्या नावानं नाही.

दुसरा. टेलिकॉमच्या कौशल्य परिषदेत फायबर स्प्लायसर नावाचा धंदा नोंदलेला आहे, आधी काम करत शिकलेल्याची परीक्षा घेऊन दाखला द्यायची सोयही आहे. तंबूत बॅटरी उचलणाऱ्या पोरांची यादी करा. त्यांना परीक्षेला बसवा. फी नसेल तर जयंतीच्या वर्गणीतून द्या, एका डीजेच्या पैशात किती पोरं बसतील ते तुम्हीच मोजा.

टोळी एका जागी आठ-दहा दिवसांवर थांबत नाही, म्हणून एका शाखेचं हे काम नाही. पेणच्या पोरांनी यादी केली की ती वडखळला, तिथून पोयनाडला, इकडे नागोठण्या-रोह्याला पुढे गेली पाहिजे. दाखल्याचे दिवस तसेच जोडत न्यावे लागतील. पाऊस उघडला की ताडपत्र्या लागतील. संध्याकाळी सहानंतर जा, दिवसा मुकादम बोलू देत नाही.