पेरणीआधीची चालढकल

नुकसान होणार हे ठाऊक असूनही ठरलेले काम आपणहून पुढे ढकलत राहणे, म्हणजेच चालढकल, ही आळशी माणसाची खोड समजली जाते. परंतु मानसशास्त्र तिच्याकडे कामाशी जोडलेली धास्ती टाळण्याची धडपड म्हणूनही पाहते, आणि हा विचार अधिक न्याय्य आहे. लातूर जिल्ह्यातील अहमदपूर तालुक्यात, जेथे खरिपाची मोठी भिस्त सोयाबीनवर असते, या चालढकलीची किंमत थेट शिवारात मोजावी लागते. घरच्या बियाण्याची उगवणक्षमता, म्हणजे शंभरांपैकी किती दाणे रुजतात ते प्रमाण, ओल्या गोणपाटात दाणे गुंडाळून ठेवल्यास आठवडाभरात कळते आणि ते 70 टक्क्यांहून कमी भरल्यास बियाणे वाढवता किंवा बदलता येते. तरीही कष्टाने राखलेले बियाणे नापास ठरेल या भीतीने ही साधी तपासणी मृग नक्षत्र तोंडावर येईपर्यंत राहून जाते, ही गोष्ट मनाला लागते. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरावे, अशी कृषितज्ज्ञांची शिफारस असल्याने पुरेशा ओलीची वाट पाहणे ही मात्र दिरंगाई नव्हे, आणि हा भेद उपदेश करणाऱ्यांनी आधी समजून घ्यायला हवा. मे महिन्यातच शेजारच्या पाच-सहा घरांनी मिळून गोणपाट भिजवले, तर धास्ती वाटून घेतली जाते आणि बियाणे बदलायला पुरेसा अवधी हाती राहतो.