आजाचा कागद कुणाच्या हातचा?

खोती मेली असं सांगणाऱ्या शहाण्यांना माझा एकच सवाल आहे. खोती मेली, तर तिची वही अजून कशी बोलते?

आमच्या देवरुखात असे शहाणे पुष्कळ. त्यांचं म्हणणं सरळ आहे. 1949 साली खोती रद्द करायचा कायदा झाला, 1950 च्या मे महिन्यात लागू झाला. पंचाहत्तर वर्षं उलटली. आजा-पणजाची रड किती दिवस रडणार? कायदा सगळ्यांना सारखा. कागद आणा, हक्क घ्या.

कागद आणा! मेख तिथंच आहे, बाप हो.

मी सूतगिरणीतला कामगार. शाळा दहावीलाच सुटली. कायदा वाचला तो रात्रपाळी सुटल्यावर, रद्दीतनं उचललेल्या पुस्तकांतनं. वकील लोकांनी नाक मुरडावं खुशाल. वाचता येतं मला.

1880 चा खोती कायदा घ्या. त्यानं काही कुळांना कायमचा हक्क दिला, म्हणजे खोताला वाटेल तेव्हा त्यांना हुसकता येणार नाही. कुणाला दिला? ज्याच्या घराण्यानं 1845 सालापासून सलग जमीन कसली त्याला. ऐकायला गोड. पण 1845 साली कोण कुठलं शेत कसत होतं हे लिहून ठेवणारा कोण? खोत. सारा गोळा करणारा तोच, अर्धेलीनं निम्मं भात मोजून घेणारा तोच, वेठीला हाक मारणारा तोच. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! आमच्या माणसाला अक्षर बंद आणि खोताचा ओटाही बंद. माझी आजी म्हणायची, "त्येच्या वट्यावं चडायची सोय नव्हती, आन् पावती कसली मागतोस?"

गिरणीवाला म्हणून एक गोष्ट मला फार झोंबते. 1899 मध्ये कुळांना थोडं संरक्षण देणारं खोती बिल आलं, तेव्हा केसरीनं बाजू घेतली ती खोतांची. टिळकांचं घराणंही खोताचंच. 1908 साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तर मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या. त्या साच्यांवर रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं ढिगानं होती. खोताच्या जाचानं गाव सुटलेली माणसं कुणासाठी रस्त्यावर उतरली बघा! शाळेत मला संप शिकवला. खोतीचं बिल कुणी शिकवलं नाही.

बाबासाहेबांनी रोगाचं मूळ बरोबर धरलं. 1929 च्या एप्रिलात चिपळूणला येऊन ते खोतीवर बोलले. 17 सप्टेंबर 1937 ला त्यांनी विधिमंडळात खोती रद्द करायचं बिल मांडलं. खोताला वाजवी भरपाई द्या, आणि जो प्रत्यक्ष जमीन धरून कसतो आहे त्याला सरकारचा भोगवटादार करा, असं ते बिल. 'प्रत्यक्ष' या शब्दावर बोट ठेवा. वहीत काय लिहिलंय ते नाही, शेतात कोण उभा आहे ते बघा. 10 जानेवारी 1938 ला हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिलवर चालून गेले. कुणबी, आगरी, महार एका मोर्चात. सरकार खेरांचं, काँग्रेसचं. बिल काही पास झालं नाही.

नंतर कायदा आला तो 1949 चा. त्यात खोती खासगी जमीन खोताकडंच राहिली. ज्याचं कायम कूळ असणं आधीच नोंदलेलं, त्याला वाट मिळाली. खोताच्या मर्जीवर कसणारा साधा माणूस कूळकायद्याच्या दारात जाऊन बसला. तिथं 1 एप्रिल 1957 हा कृषिदिन. त्या दिवशी जो कूळ, तो मालक. पण कूळ आहेस हे दाखव आधी! कशानं? खंडाच्या पावतीनं, पीकपाहणीच्या नोंदीनं.

1937 ते 1957, वीस वर्षं. तेवढ्यात एक पिढी मेली, एक परळ-लालबागच्या चाळीत गेली. आमच्यात आजा गिरणीत आणि आजी शेतात. लावणी तिची, कापणी तिची, बांध तिनं रचले. तिचं नाव कुठल्या रकान्यात? कुठल्याच नाही. गेल्या शिमग्याला गावी आलो तेव्हा एका सरकारी कचेरीत फेरफार मागितला. खिडकीतला माणूस म्हणाला, "तुमचं नाव इतर हक्कातसुद्धा नाही." खरंच बोलला तो. त्याच्यापुढं जी वही होती ती तेवढंच सांगत होती. आता साखरप्याकडनं मोठा रस्ता जातो, आंब्याच्या बागांना गिऱ्हाईक हिंडतं. मोबदला सातबाऱ्यावरच्या नावाला. घाम कुणाचा, हा रकाना सातबाऱ्यावर नसतोच.

आणि हा डाव काही कोकणातच शिजलेला नाही. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यानं 1910 साली नियम केला, मतदाराला लिहितावाचता आलं पाहिजे. मग अडाणी गोऱ्यांचं काय? त्यांना पळवाट. ज्याला किंवा ज्याच्या वाडवडलांना 1 जानेवारी 1866 ला मताचा हक्क होता, त्याला परीक्षा माफ. काळ्यांची गुलामी कायद्यानं संपली 1865 च्या डिसेंबरात, मताच्या हक्काची घटनादुरुस्ती आली 1870 ला. म्हणजे कलमात काळा-गोरा शब्द एक नाही, तारीखच पुरे. 1915 ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं ते कलम मोडलं. त्या वेळी बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबियात शिकत होते. राज्य हरलं तरी वठणीवर येईना. 1916 साली नवा नियम, मागच्यांना नाव नोंदवायला बारा दिवस, नाहीतर कायमचे बाहेर. तो मोडायला 1939 उजाडलं. आजही तिकडं जुन्या मालकाला नव्या नियमातनं सोडलं की त्याला 'आजोबा कलम' म्हणतात. शब्द उरला. तो कुणाला बाहेर ठेवायला जन्मला, हे किती जणांना आठवतं?

आमच्याकडचं आजोबा कलम बघायचं तर जातीच्या दाखल्याची रांग धरा. अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा पुरावा लागतो. पहिल्यांदा मागतात आजाचा शाळेचा दाखला. आजा शाळेत गेला नाही, कारण तो महार होता. आणि तो महार होता हे पटवायला त्याच्या शाळेचा दाखला हवा! हे लिहिताना मला हसू येतं, आणि हसू आल्याचा राग येतो.

कुणी म्हणेल, पुराव्याशिवाय कायदा चालायचा कसा? चालू दे की पुराव्यावर. पण पुरावा एकट्या वहीचाच का? बांधाचे दगड कुणी रचले ते वाडीतली म्हातारी माणसं सांगतील. घराचं जोतं बोलेल. मसणवटीत कुणाच्या किती पिढ्या आहेत ते मोजा. आणि उलट सवाल खोताच्या वारसालाही करा. ही जमीन तुमच्या आजाच्या नावावर कशी चढली, त्याचा कागद आणा.

देवरुख, साखरपा, संगमेश्वर, माखजनकडच्या वाचकांनो, आपापल्या जमिनीचे जुने फेरफार काढा. 1950 आणि 1957 च्या पुढच्या-मागच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून वाचा. कोण कधी गळलं ते खुणा करून आमच्याकडं पाठवा. म्हाताऱ्या माणसांकडनं तोंडी ऐकलेलंही लिहून पाठवा, शुद्धलेखनाची फिकीर करू नका. पुढच्या अंकात आम्ही ते गाववार छापणार आहोत.