झडती रस्त्यावरची, कसोटी न्यायाची

वाहतुकीच्या किरकोळ नियमभंगासाठी ट्रक अडवला जातो, झडती होते आणि चालक अमली पदार्थांच्या खटल्यात आरोपी ठरतो. १९८५ च्या कायद्याने व्यापारी प्रमाणातील साठ्यास किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आहे. माल ताब्यात होता एवढे सिद्ध झाले, की निर्दोषत्व शाबीत करण्याचा भार चालकावरच येतो. राजपत्रित अधिकाऱ्यासमक्ष झडती मागण्याचा हक्क अंगझडतीपुरता आहे, वाहनास तो लागू नाही. झडती बेकायदा होती एवढ्यावरून पुरावा बाद होत नाही, हे तर सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये पूरनमल खटल्यातच ठरवले.

मग बचावाच्या हाती उरते काय? पंचनाम्याची कसून उलटतपासणी. पंच खरोखरच हजर होते काय? नमुन्यांवरील मोहोर शाबूत होती काय? १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेने झडती-जप्तीचे चित्रण करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवणे बंधनकारक केले आहे. ते चित्रण पहिल्याच तारखेस मागितले पाहिजे.

परंतु ते मागणार कोण? नफा मालकाचा, दलाली दलालाची आणि तुरुंग चालकाचा, अशी या धंद्यातील वाटणी आहे. म्हणून चालकांच्या संघटनांनी वेतनाइतकीच वकिलाचीही मागणी लढवावी. ऐपतीवर मिळणाऱ्या संरक्षणास कायद्याचे राज्य म्हणता येत नाही.