जुनी चेनपुली घेताना

घराशेजारी पत्र्याची शेड टाकून ट्रॅक्टरची इंजिने उतरवायची, तर चेनपुली हवीच. नवी परवडत नाही, म्हणून पाथर्डीचे आपले तरुण भंगारात जुनी शोधतात. त्यांना आमचे सांगणे एवढेच, की ताज्या रंगाला भुलू नका. आधी पाटी वाचा.

पाटीवर बनावट, क्रमांक आणि किती टन हे कोरलेले असते. भारतीय मानक 3832 हे हातचेनपुलीचेच. 'इन्डेफ' हे नाव 1962 साली स्थापन झालेल्या हर्क्युलस होइस्ट्सने बाजारात आणले. पाटी नसेल तर विकणाऱ्याच्या तोंडी टनांवर विश्वास ठेवू नका. दोन पदरी साखळीवर 2 टन उचलणारी चेनपुली एकपदरी केली, की 1 टनाचीच उरते.

मग हुक पाहा. त्याचे तोंड फाकले असेल किंवा तो पिळला असेल, तर त्याने झेपेल त्यापेक्षा जास्त वजन उचललेले असते. साखळीच्या कड्या झिजून लांबल्या आहेत का, तेही पाहा. थोडे वजन वीतभर उचलून हात सोडा. ते खाली सरकले, तर ब्रेक गेला.

1948 च्या कारखाने कायद्याने अशा यंत्राची वर्षातून एकदा तरी जाणकाराकडून तपासणी सक्तीची केली. घरच्या शेडमध्ये तपासनीस येत नाही. तिथे टांगलेल्या इंजिनाखाली आपलाच मुलगा वाकलेला असतो. शंकेचा माल कितीही स्वस्त असो, तो भंगारातच राहू द्या.