पंपिंग नॉर्मल आहे, मग दम का लागतो?

टू-डी इकोचा रिपोर्ट हातात पडला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘डॉक्टर, पंपिंग किती?’ ६० टक्के म्हटलं की घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. रिपोर्ट पिशवीत जातो, पिशवी कपाटात. मागच्या पावसाळ्यात माझ्या दवाखान्यात एक काकू आल्या. वय ६२, बीपी आणि साखर दोन्ही. वर्षभरापूर्वीच्या इकोत पंपिंग अगदी चांगलं. ‘हार्ट ठीक आहे माझं, नुसता गॅस धरतो,’ म्हणाल्या. पण जिना चढताना मधल्या वळणावर थांबावं लागत होतं, उशाला एकाच्या तीन उशा झाल्या होत्या, आणि पाय बघितले तर चपलेच्या पट्ट्याचा वळ सुजेत खोल रुतलेला. त्याच जुन्या रिपोर्टात पंपिंगच्या आकड्याखाली आणखी एक ओळ होती : डायस्टॉलिक डिसफंक्शन. ती त्यांना कोणी समजावूनच दिली नव्हती.

म्हणजे हृदय आवळतंय नीट, पण सैल पडताना अडखळतंय.

आवळायला ताकद लागते आणि सैल तर आपोआप पडतं, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. हृदयाच्या स्नायूतले बारीक तंतू एकमेकांना आकडे टाकून ओढतात, तेव्हा हृदय आवळतं. ते आकडे सुटायला ऊर्जा लागते. आवळण्याचा इशारा देणारं कॅल्शियम पेशीतल्या कोठारात परत भरायलाही ऊर्जा लागते. आणि ती जवळजवळ सगळी ऊर्जा प्राणवायूवर चालते. मृत माणसाचं शरीर काही तासांत ताठ होतं, हे आपल्यापैकी अनेकांनी घरात पाहिलं आहे. ऊर्जा संपली की आकडे सुटत नाहीत, म्हणून तो ताठरपणा. जिवंत हृदयाला प्राणवायू कमी पडला, तर त्याच कारणाची हलकीशी छटा त्याच्यात उतरते.

म्हणूनच टंचाईची पहिली झळ सैल पडण्याला बसते. अँजिओप्लास्टी करताना फुगा फुगवला की ती रक्तवाहिनी थोडा वेळ बंद होते. त्या वेळी डॉक्टरांना हा क्रम दिसलेला आहे : आधी सैल पडणं बिघडतं, मग आवळणं, त्यानंतर ईसीजी बदलतो, आणि छातीत दुखतं ते शेवटी. कधी दुखतही नाही, विशेषतः साखर असलेल्यांना. दुखेल तेव्हा बघू, असं म्हणत थांबणारा माणूस सगळ्यात शेवटच्या खुणेची वाट बघत असतो.

ताठर हृदयात रक्त सहज शिरत नाही. मग ते मागे फुप्फुसांत तुंबतं आणि धाप लागते. बसलेलं असताना काही नाही, चढावर मात्र दम. आडवं झालं की जीव घाबरा, उठून बसलं की बरं.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या भिंतीला स्वतःचं रक्त मिळतं ते मुख्यतः ती सैल असताना. आवळलेली असताना आतल्या वाहिन्या दाबल्या जातात. नाडी ७२ असेल तर एका ठोक्याला साधारण ०.८ सेकंद मिळतो, त्यातला ०.५ सेकंद सैल पडण्याचा. नाडी १२० झाली की तो वेळ जवळजवळ निम्म्यावर येतो. शिवाय हृदय आरामातही रक्तातला ७० टक्क्यांच्या आसपास प्राणवायू काढून घेत असतं, त्यामुळे जास्त हवा असेल तर जास्त रक्तच यायला हवं. सैल पडणं बिघडलं की रक्त कमी येतं, रक्त कमी आलं की सैल पडणं आणखी बिघडतं.

कोविडपासून घराघरांत ऑक्सिमीटर आला. बोटाला लावतात, ९८ दिसलं की विषय संपतो. कृपा करून असं करू नका. रक्तातल्या हिमोग्लोबिनवर किती टक्के प्राणवायू चढला आहे, एवढंच ते यंत्र सांगतं. ते रक्त हृदयाच्या स्नायूपर्यंत पोचतंय का, वाटेत वाहिनी चोंदली आहे का, आणि मुळात हिमोग्लोबिन पुरेसं आहे का, हे त्याला कळत नाही. गाड्या भरलेल्या आहेत, पण आहेतच मोजक्या, अशी गत असू शकते. काकूंचं हिमोग्लोबिन ८ निघालं. ऑक्सिमीटरवर ९७ होतं.

बायांनो, तुम्हाला वेगळं सांगते. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे. सगळ्यांचं जेवून झाल्यावर उरेल ते खायचं, अंगावरून जास्त जातंय ते सांगायचं नाही, आणि दम लागला की ‘वय झालं’ म्हणायचं, हे आपण पिढ्यान् पिढ्या केलं. हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्या. १२ च्या खाली असेल तर गोळ्या घ्याच, पण ते कमी का झालं हेही विचारा.

बीपीची गोळी बरं वाटतंय म्हणून सोडू नका. वर्षानुवर्षं जास्त दाबाविरुद्ध आवळून हृदयाची भिंत जाड होते, आणि जाड भिंत सैल पडायला कुरकुरते. बिडी-सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनवरची प्राणवायूची जागा अडवतो. मिश्रीतलं निकोटीन नाडी आणि बीपी दोन्ही वाढवतं. घोरताना मध्येच श्वास थांबतो असं घरचे सांगत असतील तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण रात्रभर प्राणवायू खाली-वर होत राहतो. लोणचं-पापड हात राखून. चालणं डॉक्टरांना विचारून सुरू करा आणि मग मोडू नका.

घाबरवायचं मात्र नाही. साठीनंतर ‘ग्रेड वन’ डायस्टॉलिक डिसफंक्शन पुष्कळ रिपोर्टांत दिसतं आणि त्यातल्या अनेकांना काही त्रास नसतो. दम दम्यानेही लागतो, थायरॉइडनेही. शिवाय पंपिंग चांगलं असूनही हृदय थकलेल्यांसाठी बरीच वर्षं खास औषध नव्हतं. २०२१ मध्ये साखरेवरच्या एम्पाग्लिफ्लोझिन या औषधाने अशांचं दवाखान्यात भरती होणं कमी होतं, हे मोठ्या चाचणीत दिसलं. ते कोणाला द्यायचं हे तुमचे डॉक्टरच ठरवतील.

पण छातीवर दडपण, दरदरून घाम, जबड्यात किंवा हातात कळ, अचानक बसल्या जागी धाप, यांतलं काही झालं तर ओवा-सोडा करत बसू नका. १०८ ला फोन करा, माणसाला चालवू नका, टेकून बसवा.

आणि आज संध्याकाळी कपाटातली ती पिशवी काढा. पंपिंगच्या खालची ओळ शोधा, तिच्यावर पेनने खूण करा आणि रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा. तीन गोष्टी आपणहून सांगा : किती पायऱ्यांवर थांबावं लागतं, उशाला किती उशा लागतात, संध्याकाळी चपलेचा वळ उमटतो का.