गल्ला आणि घरचा डबा

कर्जाचा अर्ज भरून घेताना आम्ही बँकवाले काय काय विचारत असू! जामीनदार कोण, उत्पन्नाचा दाखला कुठे, शेती किती. संध्याकाळी गल्ला मोजल्यावर त्यातले पैसे जातात कुठे, हे मात्र मी कधी विचारले नाही.

१९९० च्या आसपासची गोष्ट. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातून, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘आयआरडीपी’तून, तालुक्याच्या गावातल्या एका बाईंना खानावळीसाठी कर्ज दिले. खानावळ चालत होती. बाजारच्या दिवशी लोक ताटकळत उभे राहत. हप्ते मात्र थकले. वसुलीला गेलो, तर फळीवर पत्र्याचा एकच डबा. त्यातूनच किराणा, त्यातूनच पोराची फी, त्यातूनच नणंदेच्या लग्नाचा आहेर. धंदा नफ्यात की तोट्यात, हे बाईंना ठाऊक नव्हते आणि मलाही. नोटीस देऊन मी परतलो. वर्षभरात खानावळ बंद पडली.

तो डबा पुन्हा आठवला एका संशोधनामुळे. डोमिनिकन रिपब्लिक या कॅरिबियन देशात छोट्या धंदेवाल्यांच्या एका गटाला रीतसर हिशेबशास्त्र शिकवले, दुसऱ्याला नुसते ठोकताळे: धंद्याचा पैसा एका खणात, घरचा दुसऱ्या खणात. २०१४ साली निष्कर्ष छापून आले. व्यवहार सुधारला तो ठोकताळेवाल्यांचा. हिशेबशास्त्र शिकलेल्यांत म्हणावा असा फरक पडला नव्हता.

केनियातला अनुभव तर अधिक बोलका आहे. नैरोबीच्या दांदोरा वस्तीत काही नवख्या व्यावसायिक स्त्रियांना वर्गात बसवले. काहींची त्याच वस्तीतल्या मुरलेल्या दुकानदारणींशी गाठ घालून दिली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वर्गाचा नफ्यावर परिणाम दिसला नाही. गाठ घालून दिलेल्यांचा नफा सरासरी २० टक्क्यांनी वाढला. कारण साधे होते. स्वस्त माल कुणाकडे मिळतो, हे वस्तीतल्याच बाईला माहीत असते. पुस्तकाला कुठून असणार? पण भेटीगाठी थांबल्या, तसा तो फायदाही ओसरला.

सगळेच वर्ग कुचकामी, असे मात्र नाही. टोगो देशात पुढाकार घ्यायला, अडचणीतून वाट काढायला शिकवले, तेव्हा नफा ३० टक्क्यांनी वाढल्याचे २०१७ साली दिसून आले.

आपल्याकडे २०१५ पासून मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंतचे ‘शिशु’ कर्ज मिळते. नाव मोठे नामी! पण शिशूला चालायला शिकवणार कोण? माणदेशात म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशनने बायकांसाठी उद्योगशाळा काढली, बसमधून ती गावोगावी नेली. असे अपवाद आहेत. एरवी मात्र प्रशिक्षण म्हणजे पुष्कळदा कर्जाच्या फायलीला जोडायचे प्रमाणपत्र. वसुलीसाठी बँका माणसे नेमतात. कर्ज दिल्यावर वर्षभर महिन्यातून एकदा दुकानात डोकावणारा माणूस त्यांना परवडत नाही. हा हिशेब, माझ्या मते, चुकीचा आहे. अर्थात मुरलेल्या बाईने आपला घाऊक व्यापारी उद्याच्या प्रतिस्पर्धिणीला का दाखवावा, याचेही उत्तर शोधावे लागेल.

त्या खानावळीच्या बोळातच एक म्हातारी कित्येक वर्षे भज्यांचे दुकान चालवीत होती. धंद्याचे पैसे चंचीत, घरचे कनवटीला. तिचे खाते आमच्याच शाखेत होते. दोघींची गाठ घालून द्यावी, हे मला सुचले नाही.