पाटी विक्रमगडला हवी

मोगऱ्याची कळी पहाटे खुडायची, विक्रमगड-मनोरवरून अहमदाबाद महामार्ग गाठायचा आणि ऊन चढायच्या आत दादरच्या फूलबाजारात माल उतरवायचा. जव्हारहून टेम्पो मीच हाकतो. कळी उमलली की भाव बसला.

गेल्या उन्हाळ्यात वसईच्या अलीकडे साडेतीन तास अडकलो. पुढे कंटेनर आडवा झाला होता. रांगेत शिरण्याआधी डोक्यावर विजेची भलीमोठी पाटी लागली. तिच्यावर अक्षरं झळकत होती: सीटबेल्ट लावा. लावलाच होता. मागे ओल्या फडक्याखाली कळ्या उमलत गेल्या आणि गाडीभर वास सुटला. एरवी मला तो आवडतो.

लोक म्हणतात, फोनवर नकाशा बघ ना. आमच्या घाटात रेंज सापडली तर बघेन. शिवाय नकाशातली लाल रेघ कारण सांगत नाही. टोलची रांग असेल तर थांबावं, टँकर उलटला असेल तर वळावं; हे महामार्गावर नजर ठेवणारा माणूसच सांगू शकतो.

पाटीवर निबंध नको. ताशी 80 च्या वेगात गाडी सेकंदाला 22 मीटर पुढे जाते. काय झालं, कुठे, आणि कुठून जावं, एवढं मोठ्या अक्षरांत, मराठीत पुरे: ‘विरारला कंटेनर आडवा. मुंबईसाठी वाडा-भिवंडी.’ पण हे मनोर ओलांडल्यावर सांगून काय उपयोग? वाड्याचा फाटा आम्हाला विक्रमगडलाच मिळतो. पाटी त्या फाट्याआधी हवी. गुजरातकडून येणाऱ्यांसाठी मनोरच्या अलीकडे वेगळी, आणि तिच्यावर ‘फक्त लहान गाड्या’ असं स्पष्ट. वाडा-भिवंडी रस्त्याचे खड्डे ज्यांनी खाल्लेत, त्यांना कळेल की सगळे ट्रेलर तिकडे वळवले तर दोन रस्ते बंद पडतील.

आणि कंटेनर हलला की संदेशही त्याच मिनिटाला हलला पाहिजे. एकदा शिळी बातमी दिसली की दुसऱ्यांदा कोणी मान वर करून वाचत नाही. म्हणून पाटी चालवणाऱ्याचा फोन क्रेनवाल्याशी जोडलेला हवा, रात्रीसुद्धा.

सध्या आमची पाटी म्हणजे विक्रमगडच्या नाक्यावरचा चहावाला. मनोरकडून आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरला विचारून तो सांगतो, “दादा, आज वाड्यानं जा.” ती एसटी येते आठला. मी साडेसातलाच मनोरची वाट धरलेली असते.